चपलांचा अंदाज

"पेढे घ्या, पेढे! आपले बुवा सुटले!"

तात्या जगताप देवळाच्या पायऱ्या चढतानाच ओरडत होते. मी सभामंडपात बसून पेटीच्या फाटक्या भात्याला कापडाची पट्टी चिकटवत होतो. फाल्गुनापासून पेटी बंद, तेवढ्यात उंदरांनी तिच्यात संसार थाटला होता. तात्यांच्या एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद, आणि तोंडावरचा मास्क हनुवटीला लोंबलेला.

"सुटले म्हणजे? बुवांवर खटला कधी होता?" मी विचारलं.

"कोर्टात नव्हता रे मुरली. गावात होता."

ते मात्र खरं होतं.

नाथषष्ठीला आमच्या राममंदिरात नीलकंठबुवांचं कीर्तन झालं ते त्या वर्षीचं शेवटचं. बुवा पुण्यातला कीर्तनसप्ताह आटोपून आदल्या दिवशीच आले होते. घसा जरा धरलेला, पण आख्यान असं रंगलं की सभामंडपात डोळे पुसणाऱ्यांना पदर पुरेनात. पेटीवर मी, तबल्यावर रंगूनाना गुरव. शेवटी प्रथेप्रमाणे बुवांनी आम्हा दोघांना मिठी मारली, सगळ्यांना एकाच वाटीतला बुक्का लागला, शिरा वाटला गेला. आठवडाभरात सगळा देश कड्याकुलपात गेला. बुवा तापानं पडले, नाना तापानं पडले. बुवा उठले. नाना उठले नाहीत.

तेव्हा आमच्याकडं तपासणीची सोय नव्हती. नानांच्या दाखल्यावर फुप्फुसाचा दाह एवढंच लिहिलं. पण गावाला दाखला कशाला लागतो? बुवांनी पुण्याहून आणलं आणि नानांना दिलं, असं पाणवठ्यापासून पानाच्या टपरीपर्यंत ठरून गेलं. बुवांना तोंडावर कुणी बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. ज्या माणसाच्या तोंडून आम्ही तीस वर्षं नामाचा महिमा ऐकला, त्यानं झांजा ट्रंकेत घालून ठेवल्या आणि तोंड मिटलं. नानांचं घर देवळामागच्याच बोळात, पण बुवा त्या बोळाकडं फिरकले नाहीत. इंदूवहिनी, म्हणजे नानांच्या मंडळी, त्याही देवळात यायच्या थांबल्या. गावानं त्याचाही अर्थ लावला.

"हे बघ," तात्यांनी कागद माझ्यापुढं धरला. "सरकारी लोक रक्त घेऊन गेले होते ना, रोग गावात किती पसरला ते बघायला? ज्याला होऊन गेला त्याच्या रक्तात त्याच्या खुणा राहतात म्हणे. अँटिबॉडीज. बुवांच्या रक्तात एकसुद्धा नाही! म्हणजे बुवांना तो झालाच नव्हता. आणि जे आपल्याकडं नाहीच ते माणूस दुसऱ्याला देईल कसं?"

तर्क बिनतोड होता. मी पेढा तोंडात टाकला.

"आणि हा घे तुझा," म्हणून तात्यांनी दुसरा कागद माझ्या मांडीवर टाकला. "तुझ्यात निघाल्यात."

पेढा घशाशीच थांबला. "माझ्यात? मला तर शिंकसुद्धा आली नाही हो!"

"असेल काहीतरी. तू यष्टीच्या चौकशी खिडकीत बसणारा माणूस, तुला काय न लागेल! चल, बुवांकडं जाऊ."

बुवा ओसरीवर वाती वळत बसले होते. तात्यांनी सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. बुवांच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"म्हणजे मी नाही?" ते म्हणाले. "मुरली, मी नाही?"

"कागद तसं म्हणतोय, बुवा."

बुवा उठले, आत गेले. मग ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ झांजांचा एकच टणत्कार, इतका हळू, की जणू त्यांनी देवाची परवानगी मागितली. रामराया, म्हटलं, ऐकलंस.

दत्तजयंतीला कीर्तन ठरलं. देवळं नुकतीच उघडली होती. पण तात्या म्हणजे विश्वस्त माणूस, अर्धवट काम त्यांना जमत नाही. "एका कागदानं लोकांची तोंडं बंद होणार नाहीत," ते म्हणाले. "दोन पाहिजेत. दोन्ही देवळाच्या दाराला लावू, तोरणाशेजारी." म्हणून ते बुवांना तालुक्याच्या खासगी तपासणीला घेऊन गेले. देवाच्या दारात कीर्तनकाराच्या रक्ताचा दाखला टांगायचा ही कल्पना आमच्या गावातच निघू शकते. आणि त्यात वावगं काही आहे असं तेव्हा मलाही वाटलं नाही.

दुसरा कागद आला. त्यात बुवांच्या रक्तात खुणा होत्या. भरपूर होत्या.

तात्या पेढे घेऊन आले नाहीत. त्यांनी कागद माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "तूच सांग बाबा. मला बीपी आहे."

मी सांगितलं. बुवांनी दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा लावून एकदा हा बघितला, एकदा तो.

"दोन्ही माझंच रक्त?"

"हो."

"सुई टोचली तो दंड तरी एकच होता. मग एक खोटं बोलतोय. कुठला?"

मला काय कळणार? पहिला खरा मानावा तर बुवा सुटतात, पण मग त्यांना ताप कसला आला होता? दुसरा खरा मानावा, तर पहिला सरकारचा शिक्का घेऊन खोटं का बोलेल? आणि माझ्या कागदाचं काय करायचं? तापानं पडलेला माणूस कोरा आणि ठणठणीत बसलेला मी भरलेला! डोक्यात नुसता गोपाळकाला झाला होता.

"ज्या बाई रक्त घ्यायला आल्या होत्या त्यांनाच विचारू," मी म्हटलं.

डॉक्टर मुलाणी सरकारी दवाखान्याच्या आवारात उंबराखाली डबा खात बसल्या होत्या. वय तिशीचं, डोळ्यांखाली वर्षभराचं जागरण. बुवांना बघून त्यांनी डबा बाजूला सारला आणि उभ्या राहिल्या.

"बसा बुवा. जेवणार का? भेंडी आहे."

"बाई, जेवण गेलंय माझं," बुवा म्हणाले आणि दोन्ही कागद पुढं केले. "यातलं खरं कोण बोलतंय तेवढं सांगा."

त्यांनी दोन्ही वाचले. "दोन्ही खरं बोलत असतील."

"असं कसं?"

"या चाचण्या रोग शोधत नाहीत, रोगानं मागं ठेवलेल्या खुणा शोधतात. आमची चाचणी एका तऱ्हेची खूण शोधते, तालुक्याची दुसऱ्या तऱ्हेची. पहिल्या तऱ्हेच्या खुणा काहींच्या अंगातून लवकर पुसल्या जातात. तुमचा ताप फाल्गुनातला, आत्ता मार्गशीर्ष. पुसल्या असतील. किंवा तालुक्याची चाचणी चुकून हो म्हणाली असेल. तसंही होतं."

"आणि माझ्यात कशा निघाल्या?" मी मध्येच विचारलं. "मला काहीच झालं नव्हतं."

"झालं असेल आणि कळलं नसेल. पुष्कळांचं तसंच झालंय. नाहीतर आमचीच चाचणी चुकली असेल."

"बाई, तुमचं प्रत्येक उत्तर असेलवर संपतंय," बुवा म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "एका माणसाचं खरं सांगता येत नाही, मग सगळ्या गावाचं कुठल्या तोंडानं सांगणार? गावात पसरला किती ते?"

"गावाचं सांगता येतं. शंभर माणसांत चाचणी साधारण किती ठिकाणी चुकते ते आम्ही आधी पडताळलेलं असतं. गावाच्या बेरजेत ती चूक धरून हिशेब सुधारता येतो. थोडं इकडं थोडं तिकडं होईल, पण अंदाज बसतो. एकट्या माणसात मात्र चूक कुठून वजा करणार? तो एकतर हो असतो, नाहीतर नाही."

बुवांनी मान हलवली. "सिद्धांत मांडलात. पण दृष्टांताशिवाय मला काही उमगत नाही. सवयच तशी लागलीय."

डॉक्टरबाई हसल्या. "दृष्टांत देणं तुमचं खातं, बुवा."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इंदूवहिनींच्या चपला!"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी त्या बाईंना समजावून सांगितलं. आमच्याकडं कीर्तनाच्या मध्यंतरात बुवांना हार घालतात, तेव्हा इंदूवहिनी मुदपाकखान्याच्या दारातून बाहेर यायच्या, देवळापुढच्या चपलांच्या ढिगावर एक नजर टाकायच्या, आणि त्या अंदाजानं शिऱ्याला रवा घ्यायच्या. त्यात त्यांचं आपलं गणित असायचं. अनवाणी येणाऱ्यांसाठी दोन मुठी जास्त. चपला इथं सोडून शेजारच्या बाजारात जाणाऱ्यांसाठी एक मूठ कमी.

"आणि शिरा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कधी कमी पडला नाही. कधी फार उरला नाही."

"अगदी हेच!" त्या खुलल्या. "पण चपला बघून वहिनी सांगू शकल्या असत्या का, की अमुक माणूस आत आहेच म्हणून?"

"छे! तात्यांच्या चपला तर त्यांचा पुतण्या घालून येतो."

"आणि कीर्तन संपल्यावर येऊन बघितलं तर?"

"तर चपलाच नाहीत," बुवा सावकाश म्हणाले. "पण म्हणून कीर्तन झालंच नाही, असं नाही." त्यांच्या कपाळावरची आठी किंचित सैल झाली. मग पुन्हा आवळली. "बाई, एक राहिलं. चपलांवरून हे कळतं का, की कुणाला कुणी आणलं?"

डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद घडी घालून बुवांना परत दिले. उंबराचं एक पिकलं फळ खाली पडून फुटलं.

"नाही बुवा," त्या म्हणाल्या. "ते कळत नाही. दोन्ही कागद एकसारखे आले असते तरी कळलं नसतं. कधी झाला, कुणाकडून आला, कुणाला गेला, यातलं हे रक्त काहीच सांगत नाही. तुम्ही जे विचारायला आलात ते माझ्याकडं नाही."

बुवा उठले. आम्ही फाटकापर्यंत गेलो तेव्हा मागून डॉक्टरबाईंची हाक आली.

"बुवा, माझे आजोबा तुमच्या देवळाच्या मागच्या भिंतीला टेकून कीर्तन ऐकायचे. बाहेरच्या बाजूनं. त्यांच्या चपला त्या ढिगात कधीच नव्हत्या. पण आख्यानं तोंडपाठ होती."

बुवांनी वळून दोन्ही हात जोडले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "चल."

"घरी?"

"शिरा करणारीकडं. जे रक्तात नाही ते तोंडानं सांगून टाकतो. मग तिनं थोबाडीत मारली तरी घेईन."

आम्ही देवळामागच्या बोळात शिरलो. नानांच्या घराचं दार उघडं होतं. उंबऱ्याबाहेर दोन जोड होते. एक बायकी, आणि दुसरा नानांचा. डाव्या चपलेला टायरचा तुकडा लावलेला, कीर्तनाला ज्या घालून यायचे त्याच. बुवा त्यांच्यापुढं थबकले ते थबकलेच. मला वाटलं, माघारी फिरतात आता.

"अवो या की आत! दारात का हुबं ऱ्हायलासा?" इंदूवहिनी पदर सावरत बाहेर आल्या. बुवांची नजर कुठं आहे ते त्यांनी बघितलं. "ऱ्हाऊ दिल्यात तशाच. बाई एकलीच हाय असं कुणाला वाटाय नगो."

आम्ही आमच्या चपला त्यांच्या शेजारी काढल्या आणि आत गेलो. कोपऱ्यात तबला-डग्गा, वर जुन्या लुगड्याची खोळ. वहिनींनी पाणी दिलं. बुवांनी तांब्या हातात धरला, प्याले नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "मी पुण्याहून आलो तेव्हा माझा घसा धरलेला होता. तरी उभा राहिलो. शेवटी रंगूला मिठी मारली. तुमचं कुंकू माझ्यामुळं..." पुढं शब्द येईना. कीर्तनात कधी न अडखळलेला माणूस! "चाचण्या केल्या. एक म्हणते तू तो, दुसरी म्हणते तू नाही. आता तुम्ही म्हणाल ते."

वहिनी खाली बसल्या. मला वाटलं रडतील, नाहीतर बोलतील चार शब्द. त्यांचा चेहरा मात्र पार गोंधळून गेला होता.

"तुमी ते सांगाय आलासा?" त्या म्हणाल्या. "अन् म्या हितं ह्या दिवसाची वाट बगत भ्यालेली, की तुमी इचाराय येशीला."

"काय विचारायला?"

"नाथषष्ठीच्या सांजंला ह्यांचं अंग तव्यावानी हुतं. तुमचं कीर्तन चालू व्हायच्या आधी. म्या म्हनलं, जाऊ नगा. तर म्हनले, नाथांफुडं ठेका द्यायचा आनि ताप आडवा येतुय व्हय? गोळी खाल्ली अन् गेले. आनि मग तुमी पडलासा." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला वाटायचं, बुवा जगले न्हाईत तर गाव म्हनंल, गुरवानं बुवाला मारलं. मेल्या मानसाच्या डोक्यावर दगूड नगो म्हनून गप ऱ्हायले. देवळात तोंड दावायचं धाडस न्हाई झालं."

बुवांनी तांब्या खाली ठेवला.

"म्हणजे रंगूला आधीच होता?"

"काय म्हाईत! माज्याबी रक्तात काय न्हाई म्हनत्यात. म्या उशापायथ्याला बसलेली, त्यांचं उष्टं प्यालेली. मला न्हाई झाला, तर मग त्यास्नी तरी तोच हुता का न्हवता? का मला हून गेला अन् पुसला? इचार करून डोस्कं फिरतंय बगा."

आता माझ्यानं राहवलं नाही. "वहिनी, माझ्यात निघालाय. मी दिवसभर पुण्याहून उतरणाऱ्यांच्या तोंडापुढं खिडकीत बसायचो. संध्याकाळी तसाच येऊन बुवा आणि नानांच्या मध्ये पेटी वाजवायला बसलो. मी तर शिंकलोही नव्हतो. म्हणजे मीच..."

"घ्या!" वहिनींनी कपाळावर हात मारला. "आता पेटीवालंबी आलं वाटणी मागाय!"

आधी त्याच हसल्या. मग बुवा हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "एका पापाला तीन धनी!" ते म्हणत होते. "रंगू, बघतोस ना? एका पापाला तीन धनी, आणि एकाकडंही सातबारा नाही!"

ते पाणी त्यांनी पुसलं नाही. उपरण्याच्या टोकाची गाठ सोडून झांजा काढल्या. म्हणजे त्या दिवसभर ते बरोबरच घेऊन फिरत होते! मला वाटतं, थोबाडीत खाण्याच्या तयारीनं आलेला माणूसही कुठंतरी दुसरी आशा उपरण्यात बांधून येतो.

"मुरली, पेटी?"

"देवळात आहे. आणतो."

मी बोळातून पळत गेलो आणि पळत आलो. आलो तेव्हा तबल्यावरची खोळ काढलेली होती. वहिनींनी तो बुवांच्या डाव्या हाताला, नानांच्या नेहमीच्या जागी ठेवला होता. त्याला कुणी हात लावला नाही. त्या स्वतः पाट पुढं घेऊन बसल्या.

बुवांनी नमन धरलं. आवाज पार फाटलेला. वरच्या सुराला पोचायचा आणि घसरून यायचा. मी पट्टी उतरवली. आणि मग पाटावर धुमाळीचा ठेका सुरू झाला. बायकी बोटांचा, हलका, पण समेला बरोबर नाना करायचे तसा तळव्याचा ठोका. चाळीस वर्षं भिंतीपलीकडून रियाज ऐकणाऱ्या बाईच्या हातात ठेका उतरला होता, आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. बुवांनी रामकृष्णहरीचा गजर घेतला तेव्हा मी डोळे मिटले. मिटल्यावर फार गंमत झाली. कोण कुठं बसलंय हे काही कळेना.

बुवा आता नाहीत. डॉक्टर मुलाणींची पुढं बदली झाली. त्यांच्या अहवालात आमच्या गावाचा आकडा आला होता म्हणतात, आणि तो बऱ्यापैकी बरोबर असावा. नाथषष्ठीच्या त्या संध्याकाळचा उलगडा मात्र मला अजून झालेला नाही. कुणी कुणाला दिला, दिला की नाही, काहीच माहीत नाही. मी रामाला विचारायचंही सोडून दिलं.

वहिनींकडच्या त्या गजराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी देवळात परत ठेवत होतो, तेव्हा तात्या जगताप आले. दाराला लावायला आणलेले खिळे अजून त्यांच्या खिशात खुळखुळत होते.

"काल इंदूकडं कीर्तन रंगलं म्हणे?" ते म्हणाले. "बोळातून जाताना ऐकलं मी. आत येणार होतो, पण म्हटलं नको. दारात चपला बघितल्या, चार जोड. बुवा, तू आणि इंदू. मग चौथा कोण? तबल्याला कुणाला आणलंत? ठेका तर अगदी आपल्या रंगूसारखा देत होता!"

मी पेटीचा भाता दाबून बंद केला, कडी लावली.

"तुमचा अंदाज बरोबर आहे, तात्या," मी म्हटलं. "चौघंच होतो."